सर बसले की नाही?

येरझारे सर बसत नसत. पाठीचं दुखणं वगैरे काही नव्हतं, घरात खुर्च्याही होत्या. बसणं हा प्रकारच त्यांना मानवत नसे. पेपर उभ्याने वाचायचे, चहा चालता चालता प्यायचे, आणि जेवताना पोळीनंतर भात येईपर्यंत गॅलरीत एक फेरी मारून यायचे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मधल्या वेळात ताटावर झाकण ठेवायची सवयच लावून घेतली होती. खरं आडनाव बागूल. पण इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटला स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत एक लांबलचक गॅलरी होती, आणि तिथल्या येरझाऱ्यांचा आवाज खालच्या मजल्यावर इतका नेमाने जायचा, की खालच्यांनी वैतागून हे नाव पाडलं. त्यांच्याकडे जाणाऱ्या आम्ही पोरांनी ते उचललं. सरांना ते ठाऊक होतं. "बागूल म्हटलं की पोरं घाबरतात," म्हणायचे, "येरझारे बरं."

सर सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. बंद पडलेलं यंत्र चालू करणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम, आणि घरी आल्यावर तोच छंद. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा नाशकात फोनच्या तारेवरून इंटरनेट आलं, आणि ती तार घडीघडी तुटायला लागली. एखादं ई-मेलचं मोठं पत्र निम्म्याहून जास्त उतरलेलं असताना लाइन गेली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सर चिडले, आणि त्या चिडण्यातून त्यांनी 'पोच' नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. लाइन जिथे तुटली तिथून पुढचं टपाल ओढायचं, मागचं पुन्हा मागायचं नाही, एवढंच त्याचं काम. मग त्यांनी तो उघड्यावर ठेवून दिला. चालवायला फुकट हे तर झालंच, पण त्याच्या आतला सगळा कोडही कुणी वाचावा, कुणी त्यात सुधारणा करावी, आणि ती सुधारणा सरांना पाठवावी. अशा सुधारणेला जगभर पॅच म्हणतात. अख्खा प्रोग्राम पाठवायचा नसतो. कुठल्या ओळी काढल्या आणि कुठल्या घातल्या, तेवढ्याच पाठवायच्या. सर त्याला ठिगळ म्हणत, आणि आलेलं प्रत्येक ठिगळ छापून, पुठ्ठ्याला चिमटा लावून, गॅलरीत चालत वाचत.

मी तेव्हा कॉलेज रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. घर नाशिकरोडला, वडील सरकारी कचेरीत कारकून. आमच्या कॉलनीत डिप्लोमा झालेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे येता-जाता कुणीतरी विचारायचं, "मग, पुढे काय?" मलाही तेच हवं असायचं, पुढे काय. मागचं पुरं होण्याच्या आत पुढचं. आई म्हणायची, "वैशे, तुझं म्हणजे पी हळद अन् हो गोरी." क्लासमध्ये आम्ही 'पोच' वापरायचो, आणि त्यात एक खोड होती. कधी कधी एकच पत्र दोनदा यायचं. मी कोड उघडला, एका बैठकीत उपाय लिहिला, आणि 'पोच'च्या मंडळीला पाठवून दिला. मंडळी म्हणजे एक सामायिक पत्ता. त्यावर पाठवलेली मेल सगळ्यांना दिसायची. इंग्रजी चालायचं, रोमन अक्षरांतलं मराठीही चालायचं. आता शाबासकी येणार म्हणून मी दर तासाला मेल उघडून बघत होते. दोन दिवसांनी सरांचं उत्तर आलं, सगळ्यांच्या देखत: "वैशालीताई, आपण ठिगळ पाठवलंत, आभार. आधी बिघाड करून दाखवा."

हा त्यांचा दंडक होता. नवीन माणसाने पाठवलेलं पहिलं ठिगळ ते वाचतही नसत. जो बिघाड तुम्ही दुरुस्त केलात म्हणता, तो आधी मुद्दाम, हवा तेव्हा, घडवून दाखवा. "ज्याला मोडता येत नाही, त्याला जोडलंय हे कळणार कसं?" असं त्यांचं म्हणणं. लांबच्यांनी तो कसा घडवायचा ते लिहून पाठवायचं, जवळच्यांनी घरी यायचं. मला रागच आला. माझा उपाय चालत होता, हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण रागाच्या भरात का होईना, मी रविवारी सकाळी इंदिरानगरला गेले.

सर गॅलरीच्या दुसऱ्या टोकाहून चालत आले, "या, या," म्हणाले आणि वळून परत गेले. मला वाटलं हाकलूनच दिलं. काकू हसल्या. "ते येतील परत. तू बस."

अडचण अशी, की पत्र दोनदा यायला लाइन नेमक्या एका क्षणी तुटावी लागे: पत्राचा शेवटचा तुकडा आपल्याकडे येऊन पडला आहे, पण 'मिळालं' हा निरोप उलट जायचाय, अशा वेळी. आता लाइन हुकमी तोडायची कशी? नाशकात सगळे लाइन तुटल्याचं खापर टेलिफोन खात्यावर फोडायचे. पावसाने गेली, खोदकामाने गेली, एक्स्चेंजवाले झोपले. मला मात्र क्लासमध्ये एक गोष्ट दिसली होती. आमचे मालक काउंटरवरचा पॅरलल, म्हणजे त्याच लाइनवरचा दुसरा, फोन उचलून "हॅलो?" म्हणाले, की आत लाइन तुटायची. ते स्वतःच तोडायचे आणि स्वतःच टेलिफोन खात्याला तक्रारीचा अर्ज लिहायचे. मी सरांना विचारलं, "तुमच्याकडे पॅरलल आहे?"

सर थांबले. चालता माणूस थांबला म्हणून काकूही स्वयंपाकघरातून डोकावल्या. पॅरलल होता, फ्रिजवर. मग काकूंना तिथे उभं केलं, मी कॉम्प्युटरपाशी, आणि सर मधल्या गॅलरीत खाली-वर.

"उचलू?" काकू.

"थांब... थांब... उचल!"

पहिल्यांदा लवकर झालं. मग उशीर झाला. मग काकूंच्या बहिणीचा फोन आला. किती वेळा झालं कोण जाणे, पण शेवटी एकदा नेमकं साधलं, लाइन तुटली, परत जोडली, आणि पडद्यावर तेच पत्र दोनदा येऊन बसलं. सर सटाण्याकडचे, एरवी बोलणं शहरी, पण खूश झाले की अहिराणी निसटायची. "हाई काय शे! मोडलं की हो! वैशालीताई, मोडलंत तुम्ही!" काकू फोन ठेवत म्हणाल्या, "बाकीच्यांच्या घरी वस्तू मोडली की भांडणं होतात."

इतकं झाल्यावर त्यांनी माझं ठिगळ वाचायला घेतलं. दोन फेऱ्या झाल्या आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "तुम्ही काय केलंत? दोन सारखी पत्रं दिसली की एक फेकून दिलंत. डाग पुसलात. गळती कुठाय?" मी म्हटलं, गळती कुठली का असेना, पत्र एकदाच येतंय ना? तर म्हणाले, "मुंबईत नोकरीला गेलेला एखादा मुलगा. आईला रोज एकच ओळ लिहितो, मी बरा आहे. दुसऱ्या दिवशीचं पत्र तुम्ही फेकणार. तिसऱ्या दिवशीचंही. आईने काय समजायचं?"

रिक्षाने नाशिकरोडला जाईपर्यंत मला तो मुलगा आणि त्याची आई दिसत राहिली, आणि सरांचा असा काही राग आला की सांगता सोय नाही. पुढच्या आठवड्यात मी नवीन ठिगळ पाठवलं. शेवटचा तुकडा मिळाल्याची नोंद आधी आपल्याजवळ करायची, आणि लाइन पुन्हा जोडल्यावर काही मागण्याआधी 'मिळालं' हा निरोप द्यायचा. सरांनी त्यात दोन चुका काढल्या. त्या सुधारल्या तर तिसरी काढली. तीही सुधारली.

मग एका रविवारी मी स्वतः पाहिलं. सरांनी पुठ्ठा खाली ठेवला, गॅलरीच्या दारातली वेताची खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली, आणि बसले. चक्क बसले. खुर्ची कुरकुरली. माझं ठिगळ त्यांनी 'पोच'मध्ये घातलं, आणि मंडळीला एका शब्दाची मेल लिहिली: "बसलो." ठिगळ घेतलं की ते हेच लिहीत. परदेशातले लोक आधी गोंधळायचे, मग त्यांना अर्थ कळायचा, ब्राझीलमधला एक जण तर पॅच पाठवून खाली प्रश्नचिन्ह टाकून "बसलो?" असं विचारायचा. मेल गेली आणि सर उठले. जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस."

वैशालीताईची अगं झाले. हाही दंडकच होता. पहिलं ठिगळ लागेपर्यंत अहो-जाहो, मग जन्मभर अरे-तुरे. त्या 'अगं'साठी मी नंतर लोकांना महिनोन् महिने झगडताना पाहिलं आहे.

मालेगावचा शकील त्यातलाच. घरात यंत्रमाग, ह्याने पुढच्या खोलीत सायबर कॅफे काढलेला. हुशार, बोलका आणि माझ्यापेक्षाही उतावळा. त्याने पहिल्याच ठिगळात 'पोच'च्या सात-आठ खोडी एकदम दुरुस्त करून पाठवल्या. सरांनी ते जसंच्या तसं परत केलं: "शकीलभाई, एक भोक, एक ठिगळ. गोधडी नको." शकीलने फोन केला तेव्हा मी तिथेच होते. पलीकडून त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "सर, सब बराबर है, आप देखो तो सही! एक एक भेजूंगा तो बुढ़ा हो जाऊंगा!" सर फोनची वायर ताणून जेवढं चालता येईल तेवढं चालत होते. "होईना का म्हातारा. मी पण झालोच की." शकीलने ती गोधडी उसवली, एकेक तुकडा पाठवला, आणि प्रत्येक वेळी मला फोन करून विचारायचा, "क्या हुआ? बैठे क्या?"

मला सरांचा हा सगळा कारभार अति वाटायचा. एकदा मी विचारलंच, "सर, चूक तुम्हाला दिसते, दोन मिनिटांत तुम्हीच सुधारू शकता. त्या माणसाला चार वेळा का पळवता?" सर म्हणाले, "मी सुधारलं तर ठिगळ लागेल गं. माणूस लागणार नाही." माणूस लागणं म्हणजे काय ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. पण मी स्वतः आठवडाभर नोकरी करून, बस बदलून, दर रविवारी इंदिरानगरला का जात होते, ह्याचं दुसरं कुठलं कारण मला आजही देता येत नाही.

दुसरी एक गोष्ट त्यांनी कारखान्यातून आणली होती. ती त्यांनी एकदाच सांगितली, आणि सांगताना गॅलरीच्या पार टोकाला कठड्याशी उभे होते. तरुणपणी त्यांच्या हाताखाली एक नवा मुलगा होता. त्याने यंत्रावरची जाळी बसवली. घरून वाईट बातमी आलेली, पोरगा घाबराघुबरा; सरांनी त्याला बरं वाटावं म्हणून न तपासता "छान" म्हटलं. जाळी निसटली आणि तिसऱ्याच एका माणसाची बोटं गेली. "माया करून पास केलेलं काम," सर म्हणाले, "कुणाचा तरी हात घेतं. आणि ज्याच्यावर माया केली त्याचा नसतो तो हात." म्हणून त्यांना खाजगीतली रदबदली चालत नसे. जे बोलायचं ते मंडळीत, चव्हाट्यावर. घेतलं ते का घेतलं, परत केलं ते का केलं.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. 'पोच'ही आता कुणी वापरत नाही. ब्रॉडबँड आलं, तारा तुटायच्या थांबल्या, आणि ज्याचं हे औषध तो रोगच गेला. त्यांची आठवण निघाली की लोक येरझाऱ्यांचे किस्से सांगतात, मीही सांगते. पण माझ्या डोळ्यांपुढे सगळ्यात आधी येतं ते त्यांचं एक ठिगळ.

झालं असं, की निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण डॉक्टरांनी सांगितलं, बसून राहायचं. येरझारे सरांना! मी भेटायला गेले तेव्हा ते प्लास्टिकच्या खुर्चीत होते, मांडीवर शाल, समोर टीव्ही. वेताची खुर्ची गॅलरीच्या दारात रिकामी. मी ती पुढे करायला गेले तर म्हणाले, "ती नको. ती वेगळ्या कामाची आहे." मग 'पोच' माझ्या हवाली केला. ठिगळं वाचायची, परत करायची, घ्यायची, सगळं आता मी. मी नको नको म्हणत होते आणि मनातून हुरळलेही होते. निघताना त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "एक ऐक. ह्या घरात सगळे मला पास करतात. चमचा तोंडापर्यंत नेला तरी शाबास म्हणतात. फिजिओवाला शाबास म्हणतो, सून फोनवर शाबास म्हणते. माझं डोकं पूर्वीसारखं चालतंय की नाही, हे मला कोण सांगणार?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलून निघाले.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. वीज आली म्हणून सोसायटीतली पोरं ओरडेपर्यंत पुन्हा गुल. 'पोच' तार तुटण्याला पुरून उरला होता, पण वीज मध्येच गेली की गोंधळायचा. तुकडे जिथे साठवलेले असत त्या फाइलीतला शेवटचा तुकडा अर्धवट लिहिलेला राही, आणि पुन्हा चालू केल्यावर सगळं पत्र पहिल्यापासून ओढायला लागे. त्र्यंबकेश्वरचा एक वापरणारा कळवळून लिहायचा, इगतपुरीचा एक जण शिव्या द्यायचा. मी ते काम घ्यायचं घ्यायचं म्हणत होते. आणि एके दिवशी मंडळीत एक ठिगळ येऊन पडलं, खाली नाव बागूल. वर लिहिलं होतं: "मॅडम, मी इथे नवीन आहे. आपण वेळ काढून पाहावं ही विनंती."

मी हसले, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं. मग ते छापलं आणि वाचायला घेतलं, आणि हसू मावळलं. ठिगळ चूक होतं. अर्धवट तुकडा टाकून बाकीचे चांगले तुकडे नव्या फाइलीत घ्यायचे, इथवर ठीक होतं. पण त्यांनी जुनी फाइल आधी पुसली होती आणि नवी मग लिहिली होती. त्या दोहोंच्या मध्ये वीज पुन्हा गेली, तर जुनंही नाही आणि नवंही नाही. पत्र गेलंच. आणि आमच्याकडे वीज एकदा जाऊन थांबत होती कुठे? मी क्लासमध्ये करून पाहिलं. दोनदा प्लग ओढला. पत्र खरोखर नाहीसं झालं. 'नवी दोरी बांधल्याशिवाय जुनी सोडायची नाही,' हे मला शिकवणारा माणूस हाच होता.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या कधी ह्या भानगडीत पडत नसत. "वैशाली, त्यांनी पाठवलंय ना काहीतरी? घे गं ते. महिना झाला, एका बोटाने टाइप करतायत. मी तुला कधी काही मागितलं नाही." मग शकीलचा. त्यालाही चूक दिसली होती; तो काही कच्चा राहिला नव्हता. "ले ले ना यार. सर का दिल रह जाएगा. नंतर आपण गुपचूप नीट करून टाकू. किसको पता चलेगा?"

खरंच कुणाला कळणार होतं? मी घरात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होते. घेतलं, तर काकू खूश, शकील खूश, सरही खूश. पण सरांनी मला फक्त एकच गोष्ट मागितली होती, आणि मी ती नाकारून त्यांना शाबास म्हणणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहणार होते. आणि परत केलं, तर? त्यांना जी भीती होती तीच मी सगळ्या जगासमोर खरी करून दाखवणार. डोकं पूर्वीसारखं चालत नाही, सर. वडिलांनी विचारलं, "काय झालंय तुला? बस की जरा." मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या साहेबांनी माझा मसुदा तपासायचं सोडलं ना, त्या दिवशी मला कळलं, आता आपण निवृत्तीला आलो." एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला.

मी मंडळीत लिहिलं: "बागूल सर, आपण ठिगळ पाठवलंत, आभार. जुनं पुसल्यावर आणि नवं लिहिण्याआधी वीज पुन्हा गेली, तर काय होतं? आधी तो बिघाड करून दाखवा." पाठवून दिलं.

उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. शकीलने मला फोन करणं बंद केलं. काकूंना मी फोन केला तर "झोपलेत" म्हणून ठेवून दिला, आणि दुपारी झोपणारा माणूस नव्हता तो. शिकवताना माझं लक्ष लागेना. दर तासाला मेल बघायची ती जुनी सवय परत आली. एकदा तर मी इंदिरानगरच्या स्टॉपवर उतरले, त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. वर गॅलरीत कुणी नव्हतं.

मग एका शनिवारी मेल आली. "मॅडम, करून दाखवतो. उद्या सकाळी यावं."

दार काकूंनी उघडलं. बाजूला झाल्या. सर कॉम्प्युटरपुढे त्या प्लास्टिकच्या खुर्चीत, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. काठी टेबलाला टेकवलेली. "या मॅडम," म्हणाले. चेष्टेचा मागमूस नव्हता. मग काकूंना म्हणाले, "मेन स्विचपाशी जा."

काकू स्टुलावर चढल्या. आधी सरांनी आपलं पहिलं ठिगळ चालवलं.

"करू बंद?"

"थांब... थांब... कर!"

पंखा घुरघुरत थांबला. पुन्हा चालू. पुन्हा, "कर!" दोन-तीनदा हुकलं, मग साधलं. पत्र नाहीसं झालं. सरांनी पडद्याकडे बोट केलं. "मोडलं. माझं होतं, मीच मोडलं." मग डाव्या हाताने टेबलावरचे दोन कागद माझ्याकडे सरकवले. नवं ठिगळ. "आता हे बघा."

मी कागद घेतले. आधी नवी फाइल पूर्ण लिहिलेली, तपासलेली, आणि मगच जुनी पुसलेली. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चूक शोधत होते, जीव तोडून शोधत होते, कारण ह्या वेळी चूक राहिली आणि मला दिसली नाही तर माझ्याएवढी खोटी मीच. स्वयंपाकघराचं दार आलं तेव्हा मला कळलं, की मी गॅलरीत चालतेय. वळले. परत आले. पुन्हा गेले. काकू स्टुलावरूनच बघत होत्या, एक हात मेन स्विचवर. "करू का गं बंद?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "करा." त्यांनी केलं, चालू केलं, पुन्हा केलं. हवं तेव्हा, नको तेव्हा, मी सांगेन तेव्हा. पत्र जागच्या जागी, शेवटच्या ओळीपर्यंत.

मी कागद टेबलावर ठेवले, गॅलरीच्या दारातली वेताची खुर्ची ओढत आणून सरांच्या शेजारी लावली, आणि बसले. खुर्ची कुरकुरली. तो आवाज ऐकून सरांनी डोळे मिटून घेतले. मी ठिगळ 'पोच'मध्ये घातलं आणि मंडळीला त्यांचाच शब्द लिहिला, बाईमाणसाच्या रूपात: "बसले."

शेजारी हालचाल झाली. सरांनी काठी घेतली होती. काकू "अहो, अहो," करत स्टुलावरून उतरेपर्यंत ते टेबलाचा आधार घेऊन उभे राहिले, कठडा धरला, आणि निघाले. उजवा पाय फरपटत होता. गॅलरीच्या त्या टोकाला पोचायला त्यांना फार वेळ लागला. काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मागे जावं की न जावं त्यांना समजत नव्हतं. टोकाला जाऊन सर वळले.

"अगं," ते तिथून ओरडले, "बसलीस काय अशी? पुढचं कुणाचंय?"

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. शकील. त्याने मंडळीतली मेल पाहिली होती, पण घाईत 'बसले' म्हणजे सर बसले असं त्याला वाटलं होतं. "क्या हुआ? बैठे क्या सर?"

गॅलरीतून काठीचा आवाज परत येत होता.

"नाही रे," मी म्हटलं. "उठले."